गरजेची साक्ष कोण देणार?

दान कसे करावे याचे नियम इस्लामने जितक्या बारकाईने सांगितले आहेत, तितक्याच बारकाईने कोणी मागावे, केव्हा मागावे आणि कशा रीतीने मागावे याचेही नियम सांगितले आहेत. पहिल्या नियमांची उजळणी दर रमजानमध्ये मशिदी-मशिदीतून होते. दुसऱ्या नियमांची आठवण मात्र क्वचितच निघते, आणि निघते तेव्हा बहुधा एखाद्या याचकाला दारातून परत पाठवण्यासाठी. या लेखात ज्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे तो वरवर पाहता कुत्र्याविषयीचा आहे. थोडे खोलात गेल्यावर तो मागण्याविषयीचा, आणि कुणाला तरी एकट्याने मागावे लागेल अशी पाळी आणणाऱ्या समाजाविषयीचा ठरतो.

ब्रिटन, कॅनडा, अमेरिका या देशांत ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता असलेल्या मुलांसाठी खास शिकवलेले सहाय्यक श्वान मिळतात. त्यांचा खर्च मोठा असतो आणि पुष्कळदा त्याचा बराचसा भाग कुटुंबाने लोकवर्गणीतून उभा करावा अशी अपेक्षा असते. कोकणातील आणि मुंबई-पुण्यातील कितीतरी मुस्लिम घरांची माणसे आज त्या देशांत स्थायिक आहेत. समजा, त्यांच्यापैकी एखाद्या घरातून इकडे निरोप आला की मुलासाठी असा कुत्रा घ्यावयाचा आहे, जमेल तेवढा हातभार लावा. घरातील वडीलधारे म्हणतील, ‘कुत्र्यासाठी सदका?’ तरुण म्हणतील, ‘मुलासाठी आहे, देऊन टाकू.’ पहिल्याला पाकीची काळजी आहे, दुसऱ्याला लेकराची. दोन्ही काळज्या ईमानातूनच येतात. म्हणून दोघांचेही म्हणणे नीट ऐकले पाहिजे.

गरज कोणती?

निकाल देण्याआधी वस्तुस्थिती समजून घेणे ही न्यायाची पहिली पायरी आहे. स्वमग्नता हा मेंदूच्या वाढीशी निगडित असा जन्मजात वेगळेपणा आहे. तो आईवडिलांच्या संगोपनातील दोष नव्हे, कोणाची नजर लागल्याचा परिणाम नव्हे आणि कोणत्याही पापाची शिक्षा तर नव्हेच. काही स्वमग्न मुले उत्तम बोलतात, काहींना मुळीच बोलता येत नाही. गर्दी, आवाज, झगझगीत दिवे यांचा त्यांच्यावर इतका भार पडतो की ती भान हरपून रडतात किंवा एकाएकी धावत सुटतात. हे धावत सुटणे ही आईवडिलांची सर्वांत मोठी धास्ती. २०१२ साली ‘पीडियाट्रिक्स’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत चार वर्षांवरील स्वमग्न मुलांपैकी जवळजवळ निम्म्या मुलांनी एकदा तरी असे निसटण्याचा प्रयत्न केल्याचे त्यांच्या पालकांनी सांगितले होते. अशा मुलाला रस्त्यावरची मोटार दिसत नाही, पाण्याची खोली कळत नाही आणि हाक मारली तर ओ देता येतेच असे नाही.

सहाय्यक श्वानाचे काम येथून सुरू होते. मुलाच्या कमरेचा पट्टा कुत्र्याच्या अंगावरील पट्ट्याला जोडलेला असतो आणि दोरी आई किंवा वडिलांच्या हाती असते. आज्ञा मोठी माणसे देतात. मूल धावू लागले की शिकवलेला कुत्रा जागीच बसतो किंवा पाय रोवून उभा राहतो, आणि आईला मुलापर्यंत पोहोचण्यास पुरेसे क्षण मिळतात. मूल बिथरले की तो त्याच्या मांडीवर डोके किंवा अंगाचा भार ठेवतो. त्या स्थिर दाबाने अनेक मुले शांत होतात. कॅनडातील ऑंटारिओ प्रांतात हे काम १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाले आणि पुढे इतर देशांत पसरले. पिल्लू आधी स्वयंसेवकांच्या घरी वाढते, मग प्रशिक्षकाकडे जाते. सारे मिळून सुमारे दोन वर्षे लागतात, आणि त्या दोन वर्षांचे मनुष्यबळ, खाद्य, पशुवैद्य यांचा हिशेब हजारो पौंडांवर किंवा डॉलरांवर जातो. कुटुंबाला नंबर लागण्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागते ते वेगळेच.

त्याच वेळी हेही सांगितले पाहिजे की हा उपचार नव्हे. कुत्र्यामुळे स्वमग्नता जात नाही. काही मुले कुत्र्याला घाबरतात, काहींना त्याचा वास किंवा भुंकणे सोसत नाही. म्हणजे प्रत्येक घराची गरज सारखी नसते, आणि आपल्या फिकहचे सारे उत्तर याच शब्दाभोवती फिरते: गरज.

शरीअत काय सांगते?

विनाकारण कुत्रा पाळण्यास इस्लामने मनाई केली आहे, यात शंका नाही. शिकार, गुरांची राखण आणि शेती यांखेरीज जो कुत्रा पाळतो त्याच्या पुण्यातून दररोज ठरावीक हिस्सा कमी होतो, अशी सहीह हदीस आहे. ज्या घरात कुत्रा असतो त्यात फरिश्ते प्रवेश करीत नाहीत, हीही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. वडीलधाऱ्यांचा संकोच या शिकवणीतून येतो. तो मागासलेपणा म्हणून उडवून लावणे योग्य नाही.

परंतु त्याच पहिल्या हदीसमध्ये तीन अपवाद आहेत आणि तिन्हींच्या मुळाशी उपयोग आहे. इमाम नववी (रह.) यांनी सहीह मुस्लिमच्या भाष्यात घराच्या राखणीसाठी कुत्रा पाळण्याचा प्रश्न घेतला आहे. त्या तीन अपवादांमागचे कारण गरज हेच असल्यामुळे त्यांवर कियास करून अशा कुत्र्याला परवानगी देणारे मत त्यांनी अधिक योग्य मानले. मेंढ्या राखण्यासाठी जे चालते ते लेकरू राखण्यासाठी चालू नये, असे म्हणणे अवघड आहे. फरिश्त्यांविषयीच्या हदीसबाबत आलिमांत मतभेद आहे. इमाम खत्ताबी (रह.) यांच्या मते ती हदीस पाळण्यास मनाई असलेल्या कुत्र्यांपुरती आहे, इमाम नववी तिचा अर्थ व्यापक घेतात. म्हणूनच परवानगी असली तरी काळजी सुटत नाही.

शिवाय पवित्र कुरआनमध्ये कुत्र्याचा उल्लेख केवळ तिरस्कारानेच आलेला आहे असे नाही. सूरह कहफमध्ये गुहेत झोपलेल्या त्या तरुणांच्या उंबरठ्यावर पुढचे पाय पसरून बसलेला कुत्रा आहे, आणि त्या तरुणांची संख्या सांगताना लोक त्यालाही मोजतात. सूरह माइदामध्ये (५:४) शिकवलेल्या शिकारी प्राण्यांनी धरलेली शिकार हलाल ठरवताना, प्राण्यांना शिकवण्याचे ते ज्ञानही अल्लाहनेच माणसाला दिलेले आहे याची आठवण करून दिली आहे. जनावराला शिकवणे ही विद्या आहे आणि ती अल्लाहची देणगी आहे. तहानेल्या कुत्र्याला विहिरीतून पाणी काढून पाजणाऱ्या माणसाला क्षमा मिळाल्याची हदीस तर आपल्या मुलांनाही ठाऊक असते.

पाकीचा प्रश्न राहतो. येथे आपल्या वाचकांचे दोन गट पडतात. कोकणातील बहुतेक घरे शाफई आहेत, घाटावरची बहुतेक हनफी. हनफी मताप्रमाणे नापाकी कुत्र्याच्या लाळेत आहे. त्याचे कोरडे अंग कपड्याला लागले तर कपडा नापाक होत नाही. शाफई मताप्रमाणे कुत्रा पूर्णपणे नापाक आहे आणि ओलाव्यासह स्पर्श झाल्यास सात वेळा, त्यांतील एकदा मातीने, धुवावे लागते. मात्र दोन्ही बाजू कोरड्या असतील तर नापाकी लागत नाही. मालिकी मतात जिवंत कुत्रा पाक मानला जातो. कठीण प्रसंगी दुसऱ्या इमामांच्या मताचा आधार घेण्याची वाट शाफई आलिमांनी बंद केलेली नाही, पण त्या वाटेला जाणत्या मुफ्तींना विचारूनच लागावे. व्यवहारात घरात नमाजची जागा वेगळी, नमाजचे कपडे वेगळे, कुत्र्याची भांडी आणि कोपरा वेगळा, अशी मांडणी करता येते.

असा समतोल प्रत्यक्षात साधल्याचे उदाहरणही आहे. २००८ साली इंग्लंडमधील लेस्टर शहरात एका अंध मुस्लिम विद्यार्थ्याचा मार्गदर्शक श्वान मशिदीच्या आवारात येऊ द्यावा असा निर्णय तेथील शरीअत परिषदेने दिला. नमाजच्या दालनात मात्र त्याला आणले गेले नाही. प्रवेशाजवळ त्याच्या बसण्याची सोय केली गेली. विद्यार्थ्याला मशीद मिळाली आणि मशिदीची पाकीही राहिली.

पैसा कोणता, आणि कोणाच्या हाती?

येथे दोन अडचणी आहेत. पहिली किमतीची. कुत्र्याची किंमत घेण्यास प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मनाई केल्याची सहीह हदीस आहे. शाफई मताप्रमाणे कुत्र्याची विक्रीच वैध होत नाही. हनफी मत उपयुक्त, शिकवलेल्या कुत्र्याच्या विक्रीला परवानगी देते. अनेक संस्था कुत्र्याची मालकी स्वतःकडेच ठेवतात आणि कुटुंबाला तो वापरण्यास देतात. तेथे घेतला जाणारा पैसा संगोपनाचा, प्रशिक्षकाच्या मेहनतीचा आणि देखरेखीचा असतो. करार तसा असेल तर शाफई कुटुंबाची अडचण बरीच हलकी होते. म्हणून वर्गणी देण्याआधी कराराचे स्वरूप विचारणे हा आडमुठेपणा नव्हे.

दुसरी अडचण जकातची. सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत जकातचे आठ हक्कदार ठरवून दिले आहेत, आणि त्यांत प्राणी शिकवणाऱ्या संस्थेला जागा नाही. हनफी मताप्रमाणे जकात गरजवंताच्या मालकीची करून द्यावी लागते, आणि नाबालिग मूल बापाच्या ऐपतीवरून संपन्न किंवा गरीब ठरते. शाफई मताप्रमाणे ज्याची मिळकत त्याच्या व त्याच्यावर अवलंबून असणाऱ्यांच्या अपरिहार्य गरजांना पुरत नाही तो जकातचा हक्कदार होऊ शकतो. तेव्हा कुटुंब खरोखर हक्कदार असेल तर जकात कुटुंबाच्या हाती द्यावी. ती ते आपल्या गरजेनुसार खर्च करील. कुटुंब खाऊन-पिऊन सुखी पण एवढ्या मोठ्या खर्चाला असमर्थ असेल, तर ऐच्छिक सदक्याचे दार उघडे आहे. जकातची रक्कम परस्पर संस्थेच्या खात्यात भरणे मात्र टाळावे.

एक आक्षेप अजून उरतो आणि तो वजनदार आहे. जगात माणसे उपाशी असताना एका कुत्र्यावर एवढा पैसा का? आलिमांनी माणसाच्या गरजांच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत: जरूरत, म्हणजे ज्यावाचून जीव किंवा धर्म धोक्यात येतो, हाजत, म्हणजे ज्यावाचून जगणे असह्य कष्टाचे होते, आणि तहसीन, म्हणजे ज्याने जगणे शोभिवंत होते. जे मूल वारंवार रस्त्यावर धावते आणि कुलूप, कुंपण, शाळा, उपचार यांपैकी काहीच पुरे पडत नाही, त्याच्या बाबतीत ही हाजत आहे, आणि ती जरूरतच्या अगदी कडेला उभी आहे. जिवाचे रक्षण हे शरीअतच्या मूळ उद्देशांपैकी एक आहे. केवळ सोबत म्हणून कुत्रा हवा असेल तर ती तहसीन आहे, आणि तिच्यासाठी जमातीपुढे हात पसरणे शोभत नाही. आक्षेप घेणाऱ्यांनीही एक प्रश्न स्वतःला विचारावा: मशिदीच्या मिनारावर संगमरवर चढतो तेव्हा उपाशी माणसांची आठवण आपल्याला इतक्याच तत्परतेने होते काय?

मागण्याची अट

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हजरत कबीसा बिन मुखारिक (रजि.) यांनी दोन पक्षांत समेट घडवताना दुसऱ्यांच्या देण्याचा भार स्वतःवर घेतला होता, आणि ते मदत मागण्यासाठी प्रेषितांकडे (स.) आले. प्रेषितांनी त्यांना सदक्याचा माल येईपर्यंत थांबवून घेतले आणि मग समजावले की मागणे केवळ तिघांना वैध आहे: ज्याने इतरांचे देणे अंगावर घेतले आहे त्याला, आपत्तीत ज्याची मालमत्ता गेली आहे त्याला, आणि ज्याच्यावर अशी विपन्नावस्था ओढवली आहे की त्याच्या समाजातील तीन शहाणी माणसे उभी राहून तशी साक्ष देतात त्याला. तिघांनाही मर्यादा एकच: गरज भागली की थांबावे. सहीह मुस्लिममध्ये ही हदीस आहे.

आपण बहुधा ती मागणाऱ्याला दरडावण्यासाठी वापरतो. नीट वाचली तर तिची तिसरी अट मागणाऱ्यापेक्षा समाजालाच अधिक बांधते. साक्ष गरजवंताने द्यावयाची नाही, ती शेजाऱ्यांनी द्यावयाची आहे. ज्या मोहल्ल्यात तीन शहाणी माणसे कोणाच्या घरी काय चालले आहे हे जाणत नाहीत, तेथे ही अट पुरी होणेच शक्य नाही. मग गरजवंतासमोर दोनच मार्ग उरतात: गप्प बसणे किंवा स्वतःचे दुःख चव्हाट्यावर मांडणे.

आज हा दुसरा मार्ग सर्रास दिसतो. वर्गणी मागताना मुलाची सर्वांत वाईट घटका चित्रित केली जाते: तो डोके आपटून घेतो आहे, ओरडतो आहे, कपडे भिजले आहेत. पैसे मिळतात, कारण पाहणाऱ्याचे काळीज हलते. पण ते चित्रण पुसले जात नाही. मूल मोठे होते. स्वमग्न मुलांपैकी पुष्कळ जण पुढे वाचतात, लिहितात, नोकरी करतात. ज्याला आपले नाव टाकताच ती जुनी घटका पडद्यावर दिसेल त्याने काय करावे? एखाद्याच्या माघारी त्याला न आवडेल अशी गोष्ट सांगणे म्हणजे गीबत, ती खरी असली तरीही, अशी व्याख्या प्रेषितांनी (स.) केली आहे. मूल बोलू शकत नाही म्हणून त्याला अब्रू नाही असे होत नाही. उलट जो स्वतःची बाजू मांडू शकत नाही त्याची अब्रू ही त्याच्या पालकांकडे आणि जमातीकडे असलेली अमानत आहे.

आईला दोष देण्यासाठी हे लिहिलेले नाही. तिला कोणी दुसरी वाट ठेवली असती तर ती या वाटेने गेली नसती. सूरह बकरामध्ये (२:२७३) अशा गरजवंतांची प्रशंसा आहे, ज्यांना त्यांच्या संयमामुळे अजाण माणूस संपन्न समजतो आणि जे लोकांच्या मागे लागून मागत नाहीत. त्यांना त्यांच्या खुणांवरून ओळखावयाचे असते. म्हणजे ओळखण्याचे काम देणाऱ्याचे आहे. त्याच सूरहमध्ये हेही सांगितले आहे की ज्या दानामागून मनाला दुखावणारे बोल येतात त्यापेक्षा गोड शब्द बरा. मुलाच्या आजाराची कथा ऐकून पैसे देणारे पुष्कळदा पुढे सल्ला देण्याचा, चौकशी करण्याचा, इतकेच नव्हे तर कुटुंबाने सणाला काय खरेदी केले हे मोजण्याचाही हक्क मिळाल्यासारखे वागतात. सदका तेथेच वाया जातो.

तीन माणसांचे काम

म्हणून सूचना अशी की अशी विनंती आली तर तिच्यामागे तीन साक्षीदार असावेत: जमातीतील एक विश्वासू माणूस, मुलाला ओळखणारा एक डॉक्टर किंवा विशेष शिक्षक, आणि एक आलिम. त्यांनी चार गोष्टी पाहाव्यात. मुलाला या श्वानाची गरज खरोखर आहे काय, आणि सोपे उपाय करून पाहिले आहेत काय. संस्था विश्वासार्ह आहे काय. ‘असिस्टन्स डॉग्ज इंटरनॅशनल’सारख्या संघटनेची मान्यता तपासता येते, आणि केवळ प्रमाणपत्र किंवा अंगरखा विकणाऱ्यांपासून सावध राहता येते. कराराची शरीअतच्या दृष्टीने स्थिती काय. आणि कुत्र्याचे पुढे काय. कारण तो आठ-दहा वर्षांत थकतो, त्याला खाणे, विश्रांती आणि औषध लागते. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीला झालेल्या शिक्षेची हदीस पाळणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवली पाहिजे. हे पाहून झाले की तिघांच्या नावे दोन ओळींचे पत्र पुरे: एका मुलासाठी इतकी रक्कम हवी आहे, आम्ही खातरजमा केली आहे. मुलाचे नाव नको, छायाचित्र नको. रक्कम पुरी झाली की वर्गणी थांबावी, आणि जास्त जमले तर देणाऱ्यांच्या संमतीने दुसऱ्या गरजवंताकडे जावे.

हे सारे परदेशापुरते आहे असे समजू नये. आपल्या देशात असे श्वान मिळणे दुर्मीळ आहे, पण मूल तेच आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली चालणाऱ्या निरामय योजनेतून अशा मुलांना एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते. रत्नागिरी, औरंगाबाद, मालेगाव किंवा भिवंडीतील आईला कुत्रा नको असेल. तिला वाचा-उपचार हवे असतील, शाळेपर्यंतचे रिक्षाभाडे हवे असेल, किंवा नमाजच्या वेळी मूल ओरडले तर मागे वळून न पाहणारी रांग हवी असेल. तिचीही साक्ष देणारी तीन माणसे लागतात. आपल्या मशिदीच्या परिसरात अशी किती मुले आहेत, हे विश्वस्तांपैकी कोणी सांगू शकेल काय?

एक अंध साथीदार मध्येच आला म्हणून कपाळाला आठी पडली, तर अल्लाहने आपल्या लाडक्या प्रेषितांनाही (स.) सूरह अबसामधून सावध केले. त्या साथीदाराला, हजरत अब्दुल्लाह बिन उम्मे मकतूम (रजि.) यांना, प्रेषितांनी पुढे मदीनेचे मुअज्जिन नेमले आणि स्वतः शहराबाहेर जाताना अनेकदा मदीनेची जबाबदारी त्यांच्यावर सोपवली. ज्याच्याकडे पाहून आपल्या कपाळाला आठी पडते त्याचे अल्लाहच्या दरबारी स्थान काय आहे, हे आपल्याला ठाऊक नसते.

अल्लाह आपल्या लेकरांचे रक्षण करो, त्यांच्या आईवडिलांना सब्र आणि सुकून देवो, आणि कोणी मागण्याआधीच त्याची गरज ओळखण्याची सद्बुद्धी आपल्या जमातींना देवो. आमीन.